आढं एक, मालक दोन

२६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि रत्नागिरीतल्या कुलूपबंद घरांना गिऱ्हाईक दिसू लागलं. जुनं घर घ्यायचं, नीट करायचं नि मुंबईकराला विकायचं, हा उद्योग त्यानंतर मीही धरला. तेव्हापासून एकच प्रश्न दरवेळी समोर आला: सुटं घर घ्यावं की जोडघर?

जोडघर म्हणजे बहुधा भावाभावांनी मधे भिंत घालून दोन केलेलं एकच घर. ओटी दुभागलेली, विहीर सामाईक. किंमत कमी, म्हणून पहिलं मी तसंच घेतलं. चिऱ्याच्या भिंतींना काही झालं नव्हतं. दुखणं होतं छपराचं. आढं एक, मालक दोन. माझ्या बाजूचे कुजके वासे आणि रिपा बदलून मी नवी मंगळुरी कौलं चढवली. पलीकडे जुने नळे, वर्षानुवर्षं न शाकारलेले. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातलं पाणी सांध्यातून मधल्या भिंतीत उतरलं आणि नव्या रंगाला पोपडे सुटले. पत्रा घातला, डांबर ओतलं. पुढच्या पावसात पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या काकूंना म्हटलं, “तुमची बाजूपण मीच करून देतो.” त्या म्हणाल्या, “कर हो, पण मधल्या भिंतीला खिळा मारू नकोस. ती ह्यांनी स्वतः उभी राहून घालून घेतलीय.” नफ्यातला मोठा वाटा त्या छपरात गेला. मला तो खर्च आजही योग्य वाटतो. अर्धं छप्पर दुरुस्त होतच नाही.

कागदांचंही तसंच. भिंत घातली म्हणजे वाटणी झाली, असं नसतं. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४व्या कलमाप्रमाणे त्याला घरात सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावलाच, तर १८९३च्या विभाजन कायद्याने घरचा हिस्सेदार न्यायालय ठरवील त्या किमतीला तो हिस्सा घेऊ शकतो. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालाने मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क जन्मापासूनचा ठरवला, वडील २००५च्या कायदादुरुस्तीवेळी हयात असोत वा नसोत. तेव्हापासून सासरी गेलेल्या बहिणींच्या सह्या झाल्याशिवाय मी बयाणा देत नाही.

मग सुटंच बरं, असं मी काही वर्षं म्हणत होतो. पण शहराबाहेरची सुटी घरं बरीचशी आंब्याच्या बागेत, सातबाऱ्यावर शेतजमीन असलेली. बिगरशेतकऱ्याला ती कुळकायद्याच्या ६३व्या कलमामुळे परवानगीवाचून घेता येत नाही. घर आवडून, माडीवर दोनदा चढून बघून माणसं परत गेलेली मी पाहिली आहेत. शहरातल्या आळीतल्या जोडघराला मिळकत पत्रिका असली, की ही अडचण येत नाही.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. माझ्या हातात तेव्हा एक सुटं घर होतं, चारी बाजूंनी वाऱ्यात. त्याची एक पाख सकाळपर्यंत उघडी पडली. जोडघर विकून तर कैक वर्षं झाली होती, तरी दुपारी काकूंचा फोन आला: “आपलं छप्पर जागच्या जागी आहे रे.”