शेवटचा कुणीच नाही

लंडनच्या बुशी पार्कात २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ जण धावले आणि आजच्या ‘पार्करन’ची सुरुवात झाली. इंग्लंडमध्ये दर शनिवारी सकाळी नऊला ५ किलोमीटर. फी नाही, एकदाच नाव नोंदवून बारकोड घ्यायचा. बाकी सगळं स्वयंसेवक सांभाळतात.

आम्ही सहा मराठी मित्र नेमाने जातो. गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकाची नोकरी गेली. व्हिसा नोकरीवरच; साधारण ६० दिवसांत दुसरी कंपनी शोधा, नाहीतर परत जा. म्हणजे हातात आठ शनिवार. तो फोन उचलेना, पण धावायला मात्र यायचा. पळणं कसलं, चालणंच. आम्ही आळीपाळीने त्याच्याबरोबर मागे राहायचो. सल्ले कुणी दिले नाहीत. तिसऱ्या शनिवारी तो आपणहून बोलू लागला.

इथे सगळ्यांत मागे एक स्वयंसेवक चालतो, ‘टेल वॉकर’. त्यामुळे धावणारा कुणीच शेवटचा ठरत नाही.

सातव्या आठवड्यात त्याला मँचेस्टरला काम मिळालं. आता तिथे टेल वॉकरसाठी तोच नाव देतो.

नव्या गावात ओळखीचं कुणी नसेल, तर शनिवारी जवळच्या पार्कात जाऊन बघा.