शंभर दिवसांचें माप

अमेरिकेंत दर चार वर्षांनीं जानेवारीच्या २० तारखेस अध्यक्षाचा शपथविधि होतो, आणि नवा अध्यक्ष आला कीं इकडे आमच्या ओटीवर वादास तोंड फुटतें. घर मोठें, पानावर बसणारीं माणसें पुष्कळ, त्यांतून एक पुतण्या व एक भाची आज तिकडेच नोकरीस. त्यामुळें त्या देशाच्या परराष्ट्रनीतीची चर्चा आमच्या घरीं केवळ वर्तमानपत्री राहिलेली नाहीं. शपथविधीस दोन महिने लोटत नाहींत तोंच कोणी म्हणतो, “हा गृहस्थ जग बुडविणार”, कोणी म्हणतो, “असा मुत्सद्दी झाला नाहीं.” आणि आम्हीं आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या असल्यामुळें दोन्ही पक्ष न्याय मागावयास आमच्याकडेच येतात.

हें शंभर दिवसांचें माप आलें कोठून? १९३३ सालीं मंदीनें देश खचला असतां फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं आरंभींच्या शंभर दिवसांत कायद्यांमागून कायदे संमत करून घेतले. तेव्हांपासून प्रत्येक नव्या अध्यक्षास हें माप लावण्याची रूढि पडली. परंतु तें माप घरच्या कारभाराचें होतें. कायदा करणें आपल्या हातीं असतें. परराज्याचें मन आपल्या हातीं नसतें. तेथें पेरणी एकाची, पीक दुसऱ्याचें, आणि पाऊस तिसऱ्याच्याच मर्जीवर, अशी स्थिति असते.

उदाहरणादाखल जॉन केनेडी यांची कारकीर्द घेऊं. १९६० च्या नोव्हेंबरांत ते सवा लाखाहूनहि कमी मताधिक्यानें निवडून आले. २० जानेवारी १९६१ रोजीं शपथ घेतली तेव्हां त्यांचें वय ४३ वर्षांचें होतें. मार्च महिन्यांत त्यांनीं ‘पीस कोअर’ ही स्वयंसेवकांची संस्था स्थापिली, आणि लॅटिन अमेरिकेस साहाय्य देण्याची मोठी योजना जाहीर केली. सर्वत्र वाहवा झाली. मग १७ एप्रिल उजाडला. त्या दिवशीं अमेरिकेच्या गुप्तहेरखात्यानें तयार केलेले सुमारें १,४०० देशत्यागी क्यूबन, फिडेल कॅस्ट्रो यांची सत्ता उलथण्यासाठीं बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरले. तीन दिवसांत सारें आटोपलें. शंभरांहून अधिक प्राणांस मुकले. अकराशेंहून अधिक कैद झाले. अध्यक्षांचे शंभर दिवस अजून भरावयाचे होते!

हा बेत मूळचा आयसेनहॉवर यांच्या काळांतला, १९६० सालचा. परंतु मंजुरी केनेडींची. दोष कोठें होता? कौटिल्यानें प्रभुशक्ति आणि उत्साहशक्ति यांहून मंत्रशक्ति, म्हणजे मसलतीचें बळ, श्रेष्ठ ठरविलें आहे, आणि मसलतीचीं पांच अंगें सांगितलीं आहेत: कार्यारंभाचा उपाय, माणसें व द्रव्य यांची सिद्धता, देशकालाची निवड, संकटाचा प्रतिकार आणि कार्यसिद्धि. या प्रकरणांत सामर्थ्य भरपूर होतें, उत्साहहि होता. मसलत मात्र पांगळी होती. बेत फसल्यास डोंगरांत शिरून लढावें असें ठरलें होतें. परंतु उतरण्याची जागा बदलल्यावर ते डोंगर सुमारें ८० मैल दूर राहिले व मध्यें दलदल आली, हें कोणी नीट मोजलें नाहीं. सिनेटर फुलब्राइट यांनीं अध्यक्षांसमोर स्पष्ट विरोध केला. ज्यांच्या मनांत शंका होत्या असे इतर कित्येक मौन धरून बसले. वडील मंडळी एकमतानें माना डोलवूं लागली म्हणजे मुलामुलींचे विवाह कसे चुकतात, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको.

केनेडींनीं अपयशाची जबाबदारी उघडपणें स्वतःवर घेतली. आणि नवल असें कीं, त्यानंतरच्या गॅलप पाहणींत ८३ टक्के लोकांनीं त्यांच्या कारभारास पसंति दिली! लोकमताचा तराजू किती भरंवशाचा, तें यावरून दिसतें. पुढें जूनमध्यें व्हिएन्ना येथें क्रुश्चॉव्ह यांच्याशीं झालेल्या भेटींत ते फिके पडले. १३ ऑगस्ट रोजीं बर्लिनचे दोन भाग करणारी तटबंदी उभी राहूं लागली. त्या वर्षअखेरीस आमच्यासारख्या मास्तरानें गुणपत्रक भरलें असतें, तर ‘अनुत्तीर्ण’ हाच शेरा पडता.

परंतु १९६२ च्या ऑक्टोबरांत क्यूबांत रशियन क्षेपणास्त्रें आढळलीं, तेव्हां याच मनुष्यानें मसलतीची रीत बदलली होती. निरनिराळ्या मतांचे सल्लागार एकत्र बसविले. ते मोकळेपणीं बोलावे म्हणून कांहीं बैठकींस स्वतः गैरहजर राहिले. एकदम बाँबहल्ला करण्याचा विचार मागें पडून समुद्रांत नाकेबंदी झाली, आणि २८ तारखेस क्रुश्चॉव्ह यांनीं क्षेपणास्त्रें परत नेण्याचें मान्य केलें. तुर्कस्तानांतील आपलीं क्षेपणास्त्रें काढून घेण्याचें वचन केनेडींनीं गुप्तपणें दिलें होतें, हें मात्र पुष्कळ वर्षांनीं उजेडांत आलें. म्हणजे तेव्हां ज्यांनीं ‘रेसभर मागें न सरणारा पुरुष’ म्हणून त्यांची स्तुति केली, त्यांच्यापुढें अर्धीच उत्तरपत्रिका होती.

आपल्या लोकांचा अनुभवहि याहून निराळा नाहीं. १९५८ सालीं सिनेटर असतांना केनेडींनीं कूपर यांच्यासह भारतास साहाय्य द्यावें असा ठराव मांडला होता. म्हणून ते अध्यक्ष होतांच आपल्याकडे आनंद झाला. मार्च १९६१ मध्यें अंगोलाच्या प्रश्नावर त्यांच्या सरकारनें पोर्तुगालविरुद्ध मत दिलें, तेव्हां गोव्याविषयींहि आशा वाटूं लागली. परंतु डिसेंबरांत आपलें सैन्य गोव्यांत शिरतांच त्याच सरकारच्या प्रतिनिधीनें, स्टीव्हन्सन यांनीं, सुरक्षा समितींत भारताची निर्भर्त्सना केली. रशियानें नकाराधिकार वापरला म्हणून ठराव बारगळला. ‘केनेडी भारताचा वैरी’ असें म्हणावयास तेवढें पुरेसें होतें. आणि वर्षहि पुरें झालें नाहीं, तों चीननें आक्रमण केलें असतां त्याच केनेडींनीं विमानांतून शस्त्रें धाडलीं. मित्र किंवा वैरी, यांपैकीं कोणताहि शिक्का पुरता बसत नाहीं.

हें सारें आम्हीं ओटीवर ऐकविलें, तेव्हां आंतून आमच्या वहिनी म्हणाल्या, “भावोजी, मग चार वर्षें गप्प बसायचें का? दूध उतूं जात असतां ‘अजून आटायचें आहे’ म्हणून पाहत राहायचें?” आम्ही निरुत्तर झालों. कारण बे ऑफ पिग्जच्या वाळूंत पडले त्यांस दुसरी परीक्षा मिळाली नाहीं. कैद्यांची सुटका अन्न व औषधांच्या मोबदल्यांत झाली तीहि १९६२ च्या डिसेंबरांत. नव्या अध्यक्षाच्या शिक्षणाची फी दुसऱ्यांनीं भरली. शिवाय व्हिएतनाममध्यें आरंभीं हजारांच्या आंत असलेले अमेरिकन सल्लागार १९६३ अखेर सुमारें १६,००० झाले होते. ती वाढ हळूहळू झाली. आणि ज्या वेळीं टोकावयास हवें होतें, त्या वेळीं बहुतेकांचें लक्ष दुसरीकडे होतें.

तेव्हां वहिनींच्या बोलण्यानें आमचा निवाडा आम्हांस दुरुस्त करावा लागला. मनुष्याविषयीं घाई करूं नये. कृतीविषयीं उशीर करूं नये. नीतीचें फळ शंभर दिवसांत दिसत नाहीं, परंतु रीत दिसते: विरोधी सल्ला ऐकला जातो कीं नाहीं, बेत फसल्यास पुढें काय, याचा विचार झाला आहे कीं नाहीं, चूक झाल्यावर ती कबूल करून रीत बदलली जाते कीं दोष दुसऱ्यावर लोटला जातो. आणि जें पाऊल मागें घेतां येत नाहीं, त्याबद्दल पहिल्याच दिवशीं जाब विचारावा.

आतां आमच्या ओटीवर एक वही ठेविली आहे. नवा अध्यक्ष आला म्हणजे ज्यानें त्यानें आपलें मत तारीख घालून तींत लिहावें, आणि चार वर्षांनीं तें सर्वांदेखत वाचावें, असा नियम आहे. मागील खेपेस सर्वांत मोठी चूक आमचीच निघाली. मुलें पोट धरून हंसलीं. वहिनींनीं मात्र शेजारच्या पानावरचें स्वतःचें मत मोठ्यानें वाचावयास लाविलें.