रुळांकाठचे वीजकेंद्र ओळखा

मित्रांनो, जळगावहून चाळीसगावकडे जाताना खिडकीबाहेर पाहा. रुळांकाठी मधूनमधून कुंपण घातलेली, लोखंडी सांगाड्यांची आवारे दिसतील. नकाशावर त्या सर्वांना ‘उपकेंद्र’ म्हणावे काय? मुळीच नाही!

उंच मनोऱ्यांवरून आलेली वीजवाहिनी आणि मोठा ट्रान्सफॉर्मर, दोन्ही दिसले तर ते खरे उपकेंद्र. उच्च दाबाची वीज तेथे 25,000 व्होल्टवर उतरवून रुळांवरच्या तारेत सोडतात.

अशा दोन उपकेंद्रांच्या साधारण मध्यावर ‘सेक्शनिंग पोस्ट’ असते. तेथे मुख्यतः स्विचच! शेजारशेजारची उपकेंद्रे वेगवेगळ्या फेजवरून वीज घेतात. त्या फेज एकमेकींना भिडल्या तर अनर्थच. म्हणून तेथे तारेचा छोटा तुकडा वीजविरहित ठेवतात. चालक आधीच इंजिनाची वीज तोडतो आणि गाडी नुसत्या वेगाच्या जोरावर तो तुकडा ओलांडते.

पण एखादे उपकेंद्र बंद पडले तर? याच पोस्टचे स्विच जोडून शेजारचे उपकेंद्र त्याच्या हद्दीत वीज पोचवते. नकाशावर दोघांना एकच खूण दिलीत, तर ही मदत कोठून येते ते कळणारच नाही.

चाळीसगाव–धुळे फाट्यावरही आता विजेची तार आहे. धुळेकर दोस्तांनो, तुमच्या वाटेवर यांतले काय दिसते? गाडीतूनच पाहा, कुंपणाजवळ मात्र जाऊ नका!