शेळीची लस गाईला कशी चालते?

लम्पीच्या लसीकरणासाठी परभणी तालुक्यात कुठल्याही दावणीशी उभं राहा, हे ऐकू येतंच: "साहेब, ही तर शेळ्यांची लस. आमच्या लाल कंधारीला काय उपयोग?" 2022 पासून ऐकतोय. बाटलीवर 'गोट पॉक्स' वाचून माणसं जनावर परत घेऊन जातात आणि अंगभर गाठी उठल्या की रात्री-बेरात्री फोन करतात. शंका जरूर घ्या, पण उत्तर ऐकून तरी जा. जीव मुक्या जनावराचा जातो हो.

लम्पी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी यांचे विषाणू एकाच कॅप्रिपॉक्स घराण्यातले; त्यांची जनुकीय रचना सुमारे 97 टक्के जुळते. आता मानेच्या कातडीखाली काय घडतं ते पाहा. तिथं डेंड्रायटिक पेशी पहाऱ्यावर असतात, फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या. लसीतला कमजोर केलेला विषाणू त्या गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे अंगावर घेऊन खांद्यापुढच्या लसीकाग्रंथीत जातात. तिथं टी आणि बी पेशींना त्यांची ओळख पटते. त्यांतल्या काही स्मृतिपेशी होऊन मागे राहतात. बाटलीवरचं नाव या पेशींना कळत नाही. कळतो तो तुकड्याचा आकार, आणि लम्पीत तो बहुतांशी तोच असतो. 1796 मध्ये जेन्नरनं गाईच्या देवीनं माणसाची देवी रोखली, तीही याच नात्यावर.

"रक्तात अँटिबॉडी कमी निघाल्या, म्हणजे लस वाया गेली," हेही कुणीतरी सांगतं. जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणते की लम्पीत संरक्षणाची मुख्य भिस्त पेशींवर असते. अँटिबॉडी कमी असूनही जनावर सुरक्षित असू शकतं. जिवंत लस द्यायची ती म्हणूनच. विषाणू पेशीत शिरला तरच मारक टी पेशी नीट जाग्या होतात.

लम्पीच्याच विषाणूची लस अधिक सरस, हे मान्य. बाल्कन देशांनी तिच्याच जोरावर साथ आटोक्यात आणली. हिसार आणि इज्जतनगरच्या संशोधकांनी रांचीत सापडलेल्या विषाणूपासून 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' बनवली आणि डिसेंबर 2022 मध्ये तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेला मिळालं. पण ती दारात येईपर्यंत हातातली लस नाकारून जनावर उघड्यावर का सोडायचं?

बाकीचं थोडक्यात. टोचल्या जागी आलेली गोळी म्हणजे लम्पी नव्हे. पेशी तिथं गोळा झाल्यात, काही दिवसांत ती विरते. लस दिली त्याच दिवसापासून संरक्षण मिळत नाही. साधारण तीन आठवडे लागतात, तोवर माश्या, डास, गोचीड आवरा. लम्पी माणसाला होत नाही. दूध नेहमीसारखं उकळून प्या. आणि एखाद्या जनावराला आधीच गाठी असतील तर ते वेगळं बांधा. लस दावणीतल्या निरोगी जनावरांना.