दुखते ते सांगणार कसा?



वर्तकनगरहून उपवन तलावाच्या बाजूने चढून गेले की येऊरचे जंगल लागते. शहराला खेटूनच असलेल्या तिथल्या पाड्यांवर आपली आदिवासी कुटुंबे राहतात. त्यातल्या एका पाड्यावरचा नऊ वर्षांचा मुलगा गेल्या पावसाळ्यात सारखे डोके भिंतीवर आपटू लागला. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. बोलत नाही. आईने मजुरी बुडवून त्याला दवाखान्यात नेले. दोन तासांची रांग, नंबर पुकारणारा आवाज, रडणारी मुले, अंगाला अंग घासणारी गर्दी. मुलगा जमिनीवर लोळून किंचाळू लागला. "याला बाहेर न्या," असे रांगेतले लोकच ओरडले. आत गेल्यावर "ही मुले असेच करतात" असे सांगून, न तपासताच शांत राहण्याचे औषध लिहून दिले गेले.

मीही आईला म्हटले होते, "सवय असेल त्याची." त्यावर ती म्हणाली, "ताई, त्याला बोलता येत नाय. दुखते ते सांगणार कसा?"

पाच दिवसांनी त्याच्या कानातून पू आला. तेव्हा माझी मान खाली गेली.

आपण आरोग्यसेवा दूर आहे असे म्हणतो तेव्हा किलोमीटर मोजतो. शहापूर-मुरबाडच्या आतल्या पाड्यांसाठी ते खरेही आहे. पण या मुलासाठी दवाखाना जवळ असूनही दूरच राहिला, आणि ते अंतर दाराच्या आतले होते.

स्वमग्नता हा आजार नव्हे. ती मेंदूच्या वाढीतली जन्मापासूनची वेगळी घडण आहे. आईच्या दुर्लक्षामुळे, लसीमुळे किंवा बाहेरच्या बाधेमुळे ती होत नाही. आवाज, उजेड, स्पर्श या मुलांना कधी फार तीव्र जाणवतात, तर कधी जाणवतच नाहीत. म्हणून ट्यूबलाइटची गुणगुण असह्य होते आणि पाय भाजला तरी मूल रडत नाही. वागण्यात एकाएकी बदल झाला, जेवण सुटले, झोप उडाली, मूल स्वतःला मारू लागले, तर आधी दुखणे शोधावे: कान, दात, पोट. सगळे स्वमग्नतेच्या खात्यावर टाकले की खरा आजार मागे राहतो.

पुढच्या खेपेस आम्ही तयारी केली. ओळखीच्या नर्सबाईंशी बोलून सकाळचा पहिला नंबर घेतला. आदल्या दिवशी दवाखान्याचे दार, खुर्ची, कान बघायची बॅटरी यांचे फोटो मोबाइलवर काढून त्याला दाखवले. सोबत त्याची आवडती गोधडी घेतली. डॉक्टरांनी आधी आईचा कान तपासून दाखवला, मग गोधडीवर त्याच्या शेजारी बसून त्याचा. दहा मिनिटे लागली. औषध मिळाले आणि डोके आपटणे थांबले. यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागले नाही.

मार्कच्या सातव्या अध्यायातला बहिरा, तोतरा माणूस आपल्याला ठाऊक आहे. प्रभूने त्याला आधी गर्दीतून बाजूला नेले, मग स्पर्श केला. हा क्रम मी कितीदा वाचला होता, पण त्या गोधडीपाशी तो मला नव्याने कळला.

ही कुणाची मेहेरबानी नाही, हेही पालकांना सांगायला हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगता मान्य झाली असून स्वमग्नता त्यात आहे. याच कायद्याच्या 25व्या कलमात तपासणीत आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे. म्हणजे रांगेत पुढे जागा मागणे हा हक्क आहे.

लवकर ओळख व्हावी म्हणूनही व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात, आणि गरज असलेल्या मुलाला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. दीड वर्षाचे मूल बोट दाखवून काही मागत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा आलेले शब्द हरवले असतील, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत थांबू नये. आशाताईंना सांगून पथकाच्या यादीत नाव घालावे.

प्रमाणपत्रासाठी 40 मुद्द्यांची भारतीय चाचणी वापरतात. त्यात पालकांकडून बरीच माहिती घेतली जाते. इथेच पाड्यावरची आई अडते. तिला प्रश्नातली पुस्तकी मराठी कळत नाही आणि ती भिऊन "हो" म्हणते. म्हणून तिची बोली जाणणारे माणूस सोबत हवेच. प्रमाणपत्र मिळाले की राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळू शकतो. त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीचा खर्चही धरला जातो.

मंडळींनी काय करावे? पैशांची मदत लागतेच, पण त्याहून अधिक सोबत लागते. एक सकाळ काढून आईबरोबर दवाखान्यात चला. एकाने नंबर धरावा, दुसऱ्याने मुलाला बाहेर झाडाखाली घेऊन बसावे. आपल्यात डॉक्टर, नर्स, दंतवैद्य आहेत. त्यांनी आठवड्यातला पहिला अर्धा तास, गर्दी व्हायच्या आधीचा, अशा मुलांसाठी राखून ठेवावा. आणि उपासनेत एखादे मूल मोठ्याने ओरडले, तर मागे वळून बघू नका. त्या आईला सरकून जागा द्या.

येऊरचा तो मुलगा आता दुखले की आईचा हात धरून दुखऱ्या जागी ठेवतो. ही खूण त्याला शिकवायला आम्हाला चार महिने लागले. आता ती आईच्या, शाळेच्या बाईंच्या आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या ओळखीची झाली आहे. इतर पाड्यांवरही अशी मुले आहेत. त्यांना प्रार्थनेत आठवा, आणि येत्या महिन्यातली एखादी सकाळ मोकळी ठेवा.