मोर्समध्ये 'परभणी' कशी वाजते?

आपल्या जिल्ह्याचं नाव मोर्समध्ये घालून बघा, मजा येते! टिंब-रेघांची ही मोर्स लिपी इंग्रजी अक्षरांवर चालते, म्हणून आधी स्पेलिंग घ्या: पी, ए, आर, बी, एच, ए, एन, आय.

·−−·  ·−  ·−·  −···  ····  ·−  −·  ··

खरी गंमत मोजमापात आहे. टिंबाला एक मात्रा, रेघेला तीन. अक्षराच्या आत एक मात्रा थांबायचं, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. मोर्सचा वेग मोजायला 'पॅरिस' हा शब्द प्रमाण मानतात. तो शेवटच्या विरामासकट बरोबर ५० मात्रांचा. त्याच हिशेबाने 'परभणी' भरते ८० मात्रा! मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने ८ सेकंद. आणि आपलं सेलू? एस, ई, एल, यू: फक्त ३८, कारण अक्षरं चारच आणि त्यातही 'ई' म्हणजे नुसतं एक टिंब. इंग्रजीत जे अक्षर जास्त लागतं त्याची खूण छोटी. मला ही या लिपीतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

परभणी आणि पूर्णा ही दोन्ही जंक्शनं, आणि एकेकाळी रेल्वेचा कारभार मोर्सच्या तारेवर चालायचा. परभणीचा स्टेशन कोड पी-बी-एन: ·−−·  −···  −·. लोकांसाठीची तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, पण हौशी रेडिओवाले मोर्स आजही वापरतात.

जिंतूर, पाथरी, मानवत, पालम, सोनपेठ, गंगाखेडकरांनो, आपापल्या गावाच्या मात्रा मोजा आणि कमेंटमध्ये टाका!