इशारा वाजत होता, पण...

१ जून २००९. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ‘४४७’ हे विमान अटलांटिक महासागरावर ३५ हजार फूट उंचीवरून जात होते. मुख्य वैमानिक विश्रांतीसाठी नुकतेच बाहेर गेले होते. दोन सहवैमानिक कॉकपिटमध्ये होते. विमानाचा वेग मोजणाऱ्या पिटॉट नळ्यांत बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे जुळेनात, तशी ऑटोपायलट यंत्रणा आपोआप बंद झाली. साधारण मिनिटभरात नळ्या मोकळ्या झाल्या. इंजिने उत्तम चालू होती. तरीही सव्वाचार मिनिटांनंतर विमान समुद्रावर आदळले आणि २२८ जणांचा मृत्यू झाला.

असे का झाले? विमान ‘स्टॉल’ झाले होते. मोटार स्टॉल होते म्हणजे इंजिन बंद पडते. विमानाचे तसे नसते. धावत्या गाडीच्या खिडकीबाहेर हात काढू नये, पण कल्पना करायला हरकत नाही. तळहात थोडा तिरपा धरला तर वारा तो वर उचलतो. जास्त उभा केला, तर उचलणे संपते आणि वारा हात नुसता मागे ढकलतो. पंखांचेही तसेच आहे. नाक वाजवीपेक्षा जास्त वर गेले, की हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटतो आणि विमान कोसळू लागते. उपाय एकच: नाक खाली करणे.

एअरबसचे संगणक एरवी विमानाला ही मर्यादा ओलांडू देत नाहीत. वेगाची माहिती बिघडताच ते संरक्षण मात्र निघून गेले होते. नियंत्रण हाती असलेल्या सहवैमानिकाने दांडा मागे ओढला, नाक वर गेले, विमान जवळपास ३८ हजार फुटांपर्यंत चढले आणि तेथून कोसळू लागले. ‘स्टॉल’ हा इशारा एकदा तर सलग ५४ सेकंद वाजला. दोघांपैकी कोणीही त्याचा उल्लेख केला नाही. त्यात आणखी एक पेच होता. वेगाची नोंद फारच कमी झाली, की संगणक ती अग्राह्य मानून इशारा थांबवत असे. त्यामुळे नाक खाली केले, की इशारा पुन्हा सुरू व्हायचा. बरोबर कृतीलाच यंत्र जणू चूक ठरवत होते!

वाजणारा इशारा ऐकू कसा येत नाही? अचानक दचकल्यावर शरीरात अ‍ॅड्रेनलिन उसळते, नाडी वाढते, स्नायू आवळतात आणि लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. मेंदूवर ताण असला, की कान निरोगी असूनही आवाजाची दखल घेतली जात नाही. अतिदक्षता विभागात सतत वाजणाऱ्या मॉनिटरची कानाला सवय होते आणि खरा धोका निसटतो, हाही त्याचाच जवळचा प्रकार. अशा क्षणी माणूस विचार करून नव्हे, तर अंगवळणी पडले असेल तसेच वागतो. फ्रान्सच्या तपास यंत्रणेने २०१२ च्या अंतिम अहवालात नेमकी हीच त्रुटी दाखवली. एवढ्या उंचीवर हाताने विमान हाकण्याचा सराव सहवैमानिकांना दिलेला नव्हता.

म्हणून ऑटोपायलट नको, असे म्हणणे चुकीचे ठरेल. स्वयंचलित यंत्रणेमुळे विमानप्रवास अधिक सुरक्षित झाला आहे. मात्र यंत्र सगळे सुरळीत असताना काम करते आणि बिघाड झाल्यावर, सर्वांत अवघड क्षणी, सूत्रे माणसाच्या हाती देते. तोवर माणसाचा हात गंजलेला असतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने योग्य वेळी हाताने उड्डाण करण्यास प्रोत्साहन द्यावे, असे विमान कंपन्यांना सुचवले ते यासाठीच.

हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबण्याचे कौशल्यही सराव नसेल तर काही महिन्यांतच ओसरते. म्हणून ते पुन्हा पुन्हा गिरवावे लागते. संकटात पहिली कृती कोणती, हे संकट येण्याआधीच हाताला ठाऊक असावे लागते. कारण त्या वेळी डोके साथ देईलच, याची खात्री नसते.